एक भर, एक सोड, चार भर

आमच्या डोंगरात ऑगस्टमधला तिसरा शनिवार म्हणजे खारींच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी कोणी लग्न ठेवत नाही. माझ्या चुलतबहिणीनं एकदा हट्टानं ठेवलं होतं. नवरदेव अर्धा तास उशिरा आला आणि त्याच्या चकचकीत बुटांना चिखल लागलेला होता. त्याला कोणी रागावलं नाही. किती मिळाल्या, एवढंच विचारलं.

मी रेथा. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरात, शूमेकर नावाच्या ओढ्याकाठी आमचं घर आहे. एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. नवरा डेन्झिल लाकडाच्या गिरणीत होता. आता दोघंही घरीच असतो. मूलबाळ नाही, एक पिप नावाचं कुत्रं आहे, मांजराएवढं आणि स्वतःला वाघ समजणारं. मागच्या थंडीत माझ्या छातीत गाठ निघाली. ती कापली, मग सहा वेळा शिरेतून औषध चढवलं, आणि मे महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं, तू बरी झालीस. डेन्झिल दवाखान्याच्या आवारात गाडीला टेकून रडला. मी शेजारी पर्स धरून उभी होते. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं, एवढं कळत होतं, पण ते कळणं वेगळं.

चौथ्या औषधानंतर माझ्या बोटांची टोकं गेली. म्हणजे होती जागच्या जागी, नखं वाढत होती, पण त्यांना काही लागेना. कपबशी हातात आहे की नाही ते बघून ठरवावं लागायचं. मग पायांची बोटं गेली. पायऱ्या उतरताना मी पावलांकडे बघत उतरायला लागले. डेन्झिलला वाटायचं अशक्तपणा आहे. नर्स दर वेळी विचारायची, “हातापायांना मुंग्या, बधिरपणा काही?” मी म्हणायचे, “नाही गं, मी ठणठणीत आहे.” ती कागदावर खूण करायची. खरं सांगितलं असतं तर तिनं औषध कमी केलं असतं कदाचित. पण मी खोटं बोलले ते औषधासाठी नाही. रिव्हॉल्व्हरसाठी बोलले.

ते पॉइंट बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर माझ्या वडिलांचं. लाकडी मूठ, साडेपाच इंचाची नळी, दर वेळी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा, असं जुन्या चालीचं. बारा वर्षांची असताना त्यांनी ते पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. तेव्हापासून बावीसची ती बारीक काडतुसं किती उडवली असतील याचा हिशेब नाही. मोठी बंदूक मला कधी आवडली नाही. ती खांद्याला धक्का मारते, कान बंद करते आणि वर बढाई मारते. बावीसचा बार म्हणजे सुकी फांदी मोडावी एवढाच. हाताला जरासा हिसका बसतो, तेवढ्यानं माणूस खूश होतो. रायफलवाला लांब बसून खार पाडतो. रिव्हॉल्व्हरवाल्याला खारीच्या झाडाखाली जावं लागतं, तेही तिला कळू न देता. ते चालणंच खरी शिकार आहे. आणि गोळी डोक्यातच मारायची. अंगात मारली की मांस नासतं, आणि आमच्याकडे असली खार घरी आणणाऱ्याच्या ताटात सासूसुद्धा वाढत नाही.

रविवारी जेवणं झाली की माझ्या थोरल्या दिराच्या, बर्लीच्या, गोठ्यामागे आम्ही जमतो. बाटल्यांची झाकणं दोऱ्यानं टांगायची, पेपरमिंटच्या गोळ्या फळीवर चिकटवायच्या, नि वीस पावलांवरून नेम धरायचा. पत्त्याचं पान धारेकडून उभं करून मी दोनदा फाडलेलं आहे. दोन्ही पानं बर्लीच्या फ्रिजवर लावलेली आहेत. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, “हे आमच्या घरातल्या सुनेचं काम. माझ्या भावाला घरात आवाज का नाही, ते आता समजलं असेल.”

आणि तालुक्याच्या जत्रेत शाळेच्या पोरांना हत्यार हाताळायला शिकवते तीही मीच. तीस वर्षं. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा खाली टेकला की त्याचं टोक सरळ काडतुसाच्या कडेवर बसतं, आणि बावीसचं काडतूस कडेवरच पेटतं. घोड्यावर नुसता ठोसा बसला तरी बार होतो. म्हणून चक्राच्या सहा घरांत पाचच काडतुसं भरायची, आणि घोड्याखाली रिकामं घर आणायचं. त्याची रीत एकच. एक भर, एक सोड, चार भर, मग घोडा पूर्ण मागे ओढून हळू खाली सोड. रिकामं घर आपोआप वर येतं. पोरांकडून मी हे घोकून घेते. या खोऱ्यातली निम्मी माणसं अजून रस्त्यात भेटली की नमस्काराऐवजी मला तेच ऐकवतात. “एक भर, एक सोड, रेथामावशी!”

आमच्यात भरताना खाली बघत नाहीत. खाली बघून भरतो तो पाहुणा, असं वडील म्हणायचे. डोळे झाडाच्या शेंड्यावर, आणि हातांनी आपलं काम करायचं. अंगठ्याला चक्राची टिक् लागते, बोटाला काडतुसाची कड लागते. मुलांना मी शिकवताना बघायला लावते. पण स्वतः? स्वतः मी चाळीस वर्षांत खाली बघितलेलं नाही.

तर सांगायचं ते हे. मी जर म्हटलं असतं की माझ्या बोटांना काही लागत नाही, तर डेन्झिलनं रिव्हॉल्व्हर लोखंडी पेटीत ठेवलं असतं. बरोबरच होतं ते. मी त्याच्या जागी असते तर मीही ठेवलं असतं, वर दोन शब्द सुनावले असते. मग माझ्याकडे काय उरलं असतं? छाती गेली, केस गेले, बस गेली. रडू येत नव्हतं, हसू येत नव्हतं. एवढी एक गोष्ट होती की जी केल्यावर पूर्वीची मी सापडेल असं वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीत काय आहे ते मला स्वतःलाही उघडून बघावं लागत होतं, तरी मी ती झाकूनच ठेवली.

जुलैत पहिल्यांदा बर्लीच्या गोठ्यामागे गेले. चापावर बोट आहे की नाही ते आधी डोळ्यांनी बघायचं, मग नजर उचलून नळीच्या टोकावरच्या माशीवर न्यायची, मग बोट ओढायचं आणि बार होईल तेव्हा होईल. पाच गोळ्यांत तीन झाकणं उडाली.

“वा! वा रेथा!” बर्ली टाळ्या वाजवायला लागला. त्याची बायको, मुलगा, सून, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाळीस वर्षांत माझ्या नेमबाजीला त्या गोठ्यामागे कोणी टाळी वाजवली नव्हती. शिव्या मिळाल्या होत्या, पैजा हरल्यावर तोंडं वाकडी झाली होती. टाळ्या लहान मुलांसाठी असतात. मला राग यायला हवा होता. मी “थँक्यू” म्हणाले आणि लिंबू सरबत प्यायला बसले.

घरी येताना डेन्झिल म्हणाला, “हळूहळू येईल गं परत. ऑगस्टपर्यंत बघ.”

“हो,” मी म्हटलं.

मग तो शनिवार आला. उजाडायच्या आत कॉफी झाली, डब्यात मक्याचा पाव आणि थंड डुकराचं मांस घेतलं, पिपनं ट्रकमध्ये उडी मारली. वरच्या पठारावर गाडी लावली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. झाडांवरून दव ठिबकत होतं. डेन्झिलनं आपलं रिव्हॉल्व्हर भरलं. त्याचं नवं आहे, त्यात सहाच्या सहा भरली तरी धोका नाही, तरी तो पाचच भरतो. सवय.

मीही भरायला घेतलं. तो माझ्याकडे बघत होता. मायेनंच बघत होता, पण बघत होता. मी मान वर केली, हिकरीच्या झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिले आणि खिशातून मोजून काढलेली पाच काडतुसं एकेक करून आत ढकलली. एक भर. एक सोड. चार भर. तोंडानं पुटपुटलेसुद्धा. ‘सोड’ म्हणताना अंगठ्यानं चक्र फिरवलं. म्हणजे फिरवलं असं मला वाटलं. टिक् लागली नाही, पण ती मार्चपासून कुठेच लागत नव्हती. घोडा मागे ओढला, खाली सोडला, रिव्हॉल्व्हर कमरेच्या चामडी म्यानात ठेवलं.

“अजून तशीच भरतेस,” डेन्झिल म्हणाला. “लोक बायबल वाचतात तसं.”

“तू बघून वाचतोस, मला पाठ आहे,” मी म्हटलं.

तो हसला. बऱ्याच महिन्यांनी मी त्याला टोमणा मारला होता. त्याला एवढा आनंद झाला की वाटेत दोनदा मागे वळून बघितलं.

‘सोड’ म्हणताना चक्र फिरलंच नव्हतं. पाच काडतुसं एकामागोमाग पाच घरांत बसली होती, आणि रिकामं घर भलतीकडे गेलं होतं. घोड्याच्या टोकाखाली भरलेलं काडतूस होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी नवऱ्याच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून, सकाळभर तशीच चालत होते.

हिकरीची फळं तेव्हा नुकती भरायला लागलेली असतात. खार वर बसून टरफलं कुरतडते आणि चुरा खाली पडत राहतो, पावसाची भुरभुर यावी तसा. तो आवाज ऐकला की आमच्याकडचा माणूस बोलता बोलता थांबतो, मग तो चर्चच्या दारात असो की मयताला. पिप आधीच पुढे गेलं होतं. दरीच्या पलीकडे त्याचं भुंकणं आलं. डेन्झिल हातानं खूण करून झपाझप उतरला. मी पावलांकडे बघत सावकाश निघाले.

उतारावर एक भलंमोठं पॉपलरचं झाड आडवं पडलेलं आहे. वरून चढायला उंच, म्हणून सगळे खालून वाकून जातात. मीही वाकले. खांदे पलीकडे गेले, डोकं गेलं, आणि मी जरा लवकर कंबर उचलली. ओंडक्याचा दणका कमरेवर बसला. आवाज झाला. सुकी फांदी मोडावी एवढाच.

मी तशीच वाकलेली राहिले. पालापाचोळ्यातून थोडा धूर निघाला. म्यानाचं खालचं तोंड काळं पडलेलं होतं. रिव्हॉल्व्हर काढून चक्र बघितलं. घोड्याखाली उडालेलं काडतूस होतं. सगळं एका नजरेत समजलं, काय झालं, कसं झालं, कोणत्या शब्दाला झालं ते.

“काय गं? काय मारलंस?” खालून डेन्झिल ओरडला.

“साप!” मी म्हणाले. “तांबडा, विषारी!”

“लागला?”

“नाही. पळाला.”

“रेथानं साप चुकवला!” तो दरीला ऐकू जाईल असं हसला. “बर्लीला सांगू नकोस, तो चर्चमध्ये जाहीर करेल!”

इतक्या पटकन, इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. जत्रेतल्या एखाद्या पोराच्या हातून हे झालं असतं तर मी त्याचं हत्यार काढून घेऊन, त्याच्या आईला बोलावून, वर्षभर त्याला मैदानात पाऊल टाकू दिलं नसतं. आणि त्या पोराला निदान रडू तरी आलं असतं. मला काय वाटलं? मला एवढंच वाटलं की आता घोड्याखाली उडालेलं काडतूस आहे, म्हणजे सकाळपासून पहिल्यांदाच हे हत्यार बिनधोक आहे. आणि मी खाली उतरले. तळाशी ओढा होता, तो ओलांडला. उजवा बूट पचपचायला लागला. पाणी गेलं असेल, म्हटलं.

पिपनं खारीला एका बीचच्या झाडावर चढवलं होतं. डेन्झिलनं नेम धरला नाही. मागे सरकून मला जागा दिली. “तुझी,” तो पुटपुटला.

खार फांदीच्या बेचक्यात चपटी होऊन बसली होती. अठरा पावलं असतील. मी बोट बघितलं, मग माशी बघितली, मग खारीचा कान. बोट ओढलं. खार सरळ खाली आली, वाटेत एकाही फांदीला न अडकता. डोक्यात, कानाच्या जरा पुढे.

डेन्झिलनं ती उचलून बघितली आणि टोपी काढून छातीशी धरली.  डोळे भरले होते त्याचे. यासाठीच मी सगळी थंडी, सगळा उन्हाळा थांबले होते. ही खार. हा नेम. मी वाट बघितली, आत कुठे काही हलतंय का. बीचच्या सालीवर कोणीतरी नावं कोरलेली होती, ती वाचत राहिले. काही हललं नाही.

अजून दोन त्यानं मारल्या, मी एक चुकवली. दहाच्या सुमाराला उकडायला लागलं तशी आम्ही गाडीकडे परत आलो. ट्रकचं मागचं फळकं खाली पाडून मी त्यावर बसले, पाय लोंबकळत ठेवून. डेन्झिलनं खारी ओळीनं ठेवल्या. रात्री रश्शात घालू, बर्लीला बोलावू, सोबतची मऊ बिस्किटं मात्र तू कर, माझी दगड होतात, असं काहीबाही बोलत होता. पिप माझ्या बुटाशी आलं. हुंगलं आणि चाटायला लागलं.

“हट्,” मी म्हटलं.

डेन्झिलनं बघितलं. मग खाली बसला. बुटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीपाशी एक भोक होतं, पेन्सिल जाईल एवढं. त्यानं बोट लावलं. बोट लाल झालं.

“रेथा,” तो म्हणाला. “साप कुठे होता?”

मी पिपला बाजूला सारलं.

“बुटात होता?”

त्यानं नाडी सोडली, बूट ओढला. बुटातून रक्त ओतावं तसं आलं, ओढ्याच्या पाण्यात मिसळलेलं. मोजा कापून काढला. करंगळी जवळजवळ नव्हतीच, शेजारचं बोट फाटलं होतं. मी बघत होते. कोणाचा तरी पाय आहे, असं वाटत होतं. दोन तास मी त्यावर चालले होते.

डेन्झिलनं अंगातला सदरा काढून घट्ट आवळला. “दुखतंय?”

“नाही.”

त्यानं अंगठा दाबला. “हे?”

“नाही.”

पुढचं बोट. “हे?”

“नाही.”

त्यानं मान वर केली. माझा हात ओढून घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून नखानं दाबली. दाबताना तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, हाताकडे नाही. दहाही बोटं झाली.

“कधीपासून?”

“मार्च.”

“डॉक्टरांना?”

“नाही सांगितलं.”

त्यानं फळक्यावरचं माझं रिव्हॉल्व्हर उचललं, चक्र फिरवून एकेक घर रिकामं केलं. रिकामं घर भलत्या जागी होतं, मोडलेली रीत त्याला लगेच दिसली. आमच्याकडे ते कोणालाही दिसलं असतं. काडतुसं त्यानं खिशात टाकली. 

“मी पुढे चालत होतो,” तो म्हणाला. “सगळी सकाळ. तू माझ्या मागे होतीस.”

“हो.”

“तू मला सांगितलं नाहीस.”

“तू काढून घेतलं असतंस.”

“घेतलंच असतं की!” तो ओरडला. तीस वर्षांत माझ्यावर तो चार वेळा ओरडला असेल. पिप गाडीखाली गेलं. “मग? काय झालं असतं? रिव्हॉल्व्हरशिवाय मेली असतीस?”

“वाटत होतं तसं,” मी म्हटलं.

हे म्हटलं आणि मला लाज वाटली. खरीखुरी, कानशिलं तापवणारी लाज. इतक्या महिन्यांत आलेली ती पहिली भावना. मला दुसरी कुठलीही चालली असती, पण आली ती ही. मी म्हणाले, “पेटीत ठेव ते. किल्ली मला दाखवू नकोस. आणि जत्रेवाल्यांना मीच फोन करून सांगेन, या वर्षीपासून पोरांना शिकवायला दुसरं कोणीतरी बघा. काय झालं ते सगळं सांगेन.”

त्यानं रिव्हॉल्व्हर सीटखाली सरकवलं. मला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पाय पुढे टेकवून उंच ठेवला. खारी तशाच मागे टाकल्या. दवाखाना चाळीस मिनिटांवर होता. डोंगराची वळणं संपून डांबरी रस्ता लागला.

मग तो म्हणाला, “ते औषध चढवायचे तेव्हा मी शेजारी बसायचो.”

“हो.”

“तुझा हात धरून. चार-चार तास. शेवटच्या वेळी तर मी लघवीलाही उठलो नाही. म्हटलं, सोडला तर तुला एकटं वाटेल.”

“माहीत आहे.”

“कसं माहीत?” तो समोर रस्त्याकडे बघत होता. “तुला कळतच नव्हतं ना?”

मी खोटं बोलू शकले असते. त्या सकाळी एक बोलून झालेलं होतं.

“मी मधूनमधून खाली बघायचे,” मी म्हटलं. “बघितलं की कळायचं.”

त्यानं मान हलवली.  नाक ओढल्याचा आवाज आला. वळणावर त्यानं एकाच हातानं चाक फिरवलं, आणि दुसरा हात कुठे आहे ते बघायला मी खाली बघितलं. माझ्या हातावर होता.